चार नंबरचा कॉम्प्युटर

आमच्या कंपनीतल्या प्रत्येक वस्तूवर नंबर आहे. खुर्चीच्या पाठीवर, पंख्याच्या पात्यावर, कात्रीच्या मुठीवर, एवढंच काय, चहाच्या सहा कपांच्या बुडावरसुद्धा. पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, माझ्या सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढून स्वतः घातलेले. नवीन माणूस आला की कप उचलून बघतो आणि हसतो. मीसुद्धा हसायचे. गेल्या जुलैपर्यंत.

'अक्षरमाळ डेटा सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड' हे नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आमचं ऑफिस बघून होतं. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या मागे, सायकली लावायच्या जागेला लागून एक लांबट खोली. पाच कॉम्प्युटर. हिंजवडीतली एक मोठी काचेची कंपनी अमेरिकेतून काम घेते, त्यातला एक तुकडा आमच्याकडे येतो. तिकडच्या दवाखान्यांतले हाताने भरलेले जुने फॉर्म स्कॅन होऊन येतात, ते वाचून आम्ही कॉम्प्युटरात भरायचे. चार बायका टाइप करतात, मी शेवटचं तपासते, आणि संजय, माझा नवरा, कामं आणतो आणि पोचवतो.

सासूबाईंचा कंपनीशी काडीचा संबंध नाही. हे त्याच सगळ्यांना सांगतात. रोज दहा वाजता निकिताला, म्हणजे आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला, कडेवर घेऊन त्या ऑफिसात येतात, दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि चहा घरून आणलेल्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्यात पितात. कंपनीचा कप घेत नाहीत. "मी कोण कंपनीची?" म्हणतात.

त्या शिवाजीनगरच्या कोर्टात सव्वीस वर्षं शिपाई होत्या. सातवी पास. शेवटची अकरा वर्षं नाझरसाहेबांच्या कचेरीत होत्या, म्हणजे बेलिफ ज्यांच्या हाताखाली असतात त्यांच्याकडे. कोर्टाचा हुकूम झाला की बेलिफ जाऊन देणेकऱ्याचं सामान उचलून आणणार आणि ते एका खोलीत ठेवणार. त्या खोलीची किल्ली शालन सुखदेव ओव्हाळ यांच्या कमरेला असायची.

"वजनकाटे असायचे," त्या सांगतात. "शोकेसा असायच्या. एकदा सलूनची फिरती खुर्ची आली होती, एकदा बँडवाल्याचा एवढा मोठा पितळी भोंगा. शनिवारी मी सगळं पुसायची. कागद लावलेला असायचा ना प्रत्येकाला, तो वाचायची. कर्ज कशाचं, तर बहिणीच्या लग्नाचं. आणि उचललं काय, तर दुकान. एकाच पिशवीत घर आणि धंदा कोंबलेला, मग कोर्ट तरी काय निवडणार गं?"

दोन हजार दोनमध्ये संजयने नोकरी सोडली तेव्हा आम्ही तिघं सीएंकडे गेलो होतो. ते म्हणाले, छोटा धंदा आहे, संजयच्या नावावर सुरू करा, कटकट नाही. आम्ही दोघांनी मान हलवली. सासूबाईंनी विचारलं, "साहेब, उद्या माझ्या मुलाने स्वतःसाठी कर्ज काढलं आणि थकवलं, तर दुकानातल्या खुर्च्या जातील का?"

"जातील. मालक तेच ना."

"दुसरं काही नसतं का?"

"असतं. प्रायव्हेट लिमिटेड करता येईल. खर्च आहे, दरवर्षी कागद भरायला लागतात. पण मग कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती होते. तिचं ते तिचं, यांचं ते यांचं."

"म्हणजे उद्या संजय मेला तरी ती जिवंत?"

"आई!" संजय म्हणाला.

"जिवंत," सीए म्हणाले. त्यांनाही थोडं हसू आलं.

"मग तीच करा."

कंपनी नोंदल्याचं सर्टिफिकेट आलं ते सासूबाईंनी घरातल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलं. पुढे निकिताचा जन्माचा दाखला आला, तोही तिथेच, त्याच्या मागे.

मग सुरू झाले त्यांचे नियम. बँकेच्या चेकवर आम्हा दोघांच्याही सह्या हव्यात. आम्हा दोघांना पगार मिळणार, ठरलेल्या तारखेला, चेकने, आणि घर त्यावरच चालणार. ऑफिसातल्या पैशातून दुधाची पिशवीही आणायची नाही. आणि वर ती वही. कोर्टातल्यासारखी आवक-जावक. तारीख, वस्तू, नंबर, कोण नेतं, कुठे, कारण, सही. स्टेपलर घरी न्यायचा तरी नोंद.

"आई, उद्या मला शिंक आली तर लिहू का?" संजयने एकदा विचारलं.

"शिंक तुझी स्वतःची आहे. रुमाल कंपनीचा असेल तर लिही."

ती वही सांभाळायचं काम सत्यशीलाबाईंकडे. पंचेचाळिशीच्या, बोलायला कमी. वीस वर्षं त्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायच्या. कॉम्प्युटर आले, मशिनं भंगारात गेली, इन्स्टिट्यूट बंद झाली आणि सत्यशीलाबाई आमच्याकडे आल्या. टाइप करताना बोटांकडे बघणाऱ्या मुलींना अजून दटावतात. त्या आणि सासूबाई, दोघींचं न बोलता जमलं. मला कधीकधी वाटायचं, मी डायरेक्टर आहे की या दोघींच्या शाळेतली विद्यार्थिनी?

मी मुळात घाबरट. बी. कॉम.ला पहिला वर्ग असूनही बेरीज तीनदा करते. निकिता झाल्यापासून तर झोपेतही तिचा श्वास मोजते. तरी जे घडायचं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला दिसलं नाही.

संजयचा भैरू नावाचा मित्र आहे, मुळशीकडचा. त्याने कॉल सेंटरच्या पोरांची ने-आण करायला कर्जाने सुमो घेतली. जामीनदार म्हणून सही संजयने केली. विचार करायचा असतो हेही त्याच्या मनात आलं नाही. त्यांच्या मित्रांत ती पद्धतच होती. तुझ्या कर्जाला मी, माझ्या कर्जाला तू. पुढे गाडी ठोकली, कंत्राट गेलं, हप्ते थकले. "संजयदा, मी हाय ना. तू कशाला टेन्शन घेतो?" असं भैरू फोनवर म्हणायचा. मग फोनही उचलेनासा झाला. फायनान्स कंपनीने कोर्टात दावा लावला. समन्स आलं ते संजयच्या हातात पडलं आणि त्याने ते कपाटात, त्याच्या जुन्या स्वेटरच्या घडीत ठेवलं. कारण काय, तर ज्या घरातल्या बाईने जन्मभर कोर्टाची समन्सं वाटली जाताना पाहिली, तिला हे कसं दाखवू? लाजेपोटी तो तारखेला गेलाच नाही. निकाल एकतर्फी लागला. यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

जुलैच्या त्या सोमवारी निकिताला ताप भरला. दुपारी ऑफिसातच तिने दोनदा उलटी केली. शनिवारी बारा वाजता चार हजार फॉर्म हिंजवडीला पोचवायचे होते आणि माझं अकरा दिवसांचं तपासणीचं काम चार नंबरच्या कॉम्प्युटरवर होतं. सीडी लिहिणारा ड्राइव्ह महिनाभर बिघडलेला, फ्लॉपीत तेवढं मावणार नाही. मी विचार केला, निकिताजवळ बसून घरीच तपासू. रिक्षा बोलावली, मुलगी खांद्यावर, कॉम्प्युटर मागच्या सीटवर ओढणीने बांधला आणि दांडेकर पुलाजवळच्या आमच्या घरी आले. वहीत नोंद केली नाही. मंगळवारी आठवलं. म्हटलं, गेल्यावर करू.

बुधवारी अकरा वाजता दार वाजलं.

दारात खाकी पिशवी घेतलेले एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्या मागे टाय लावलेला एक तरुण. खाली रस्त्यावर टेम्पो उभा. गृहस्थांनी माझ्या मागे पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"शालनताई? तुमचं घर आहे हे?"

"सलाम, चांदभाई," सासूबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या हातात निकिताच्या औषधाची बाटली होती. त्यांनी चांदभाईंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, टायवाल्याकडे पाहिलं. मला अजून काही कळायचं होतं. त्यांना सगळं कळलं होतं. "कुणाच्या नावावर?"

"ओव्हाळ संजय सुखदेव. मी आडनाव वाचलं हो, पण…"

"वॉरंट दाखवा."

चांदभाई क्षणभर थांबले, मग त्यांनी कागद दिला. अकरा वर्षं जिने त्यांना चहा दिला, तिने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. शिक्का पाहिला, तारीख पाहिली, रक्कम पाहिली. एक लाख अडतीस हजार. कागद परत दिला. "बरोबर आहे. या आत. चपला राहू द्या."

मी पलंगावर बसले, निकिताला जवळ ओढलं. मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील, निदान ओळखीचा माणूस आहे म्हणून दोन शब्द टाकतील. त्यांनी पदर खोचला आणि वस्तू दाखवायला लागल्या.

"टीव्ही संजयचा. लिहा. फ्रिज माझा, माझ्या फंडाच्या पैशांतून घेतलाय, पावती दाखवते. भांडी आणि अंथरूण-पांघरूण तुम्ही घेणार नाही, कायद्यात बसत नाही. कपाट माझ्या लग्नातलं. स्कूटर खाली नाही, तो घेऊन गेलाय. ती त्याची, ती आल्यावर लिहा."

चांदभाई लिहीत होते. मी बघत राहिले. घराच्या भिंतींना जणू अक्षरं फुटत होती. आम्ही जिथे नुसते राहत होतो तिथे त्यांना प्रत्येक वस्तू कुणाची ते लख्ख दिसत होतं, आणि स्वतःच्या मुलाची वस्तू सांगताना त्यांचा आवाज जराही खाली येत नव्हता.

टायवाल्याचं लक्ष खिडकीजवळच्या टेबलाकडे गेलं. "आणि हा कॉम्प्युटर?"

"तो कंपनीचा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बघा ना, वर नंबर आहे. अक्षरमाळ, चार."

"अहो मॅडम, रंग काय, मीही लावीन. घरात आहे ना? कर्जदाराच्या घरात आहे म्हणजे कर्जदाराचा. बेलिफसाहेब, हा घ्यायचा."

"कामासाठी आणलाय. ऑफिसात वही आहे, नेलेल्या वस्तूंची," मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं सुटलं ते मलाच कळलं नाही. "वहीत नोंद आहे."

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

चांदभाई म्हणाले, "मग वही दाखवा की. मी थांबतो."

मी फोनपाशी गेले. बोटं ऑफिसचा नंबर फिरवत होती आणि डोक्यात वाक्य तयार होतं, की सत्यशीलाबाई, सोमवारच्या तारखेत एक ओळ घाला आणि मग वही आणा. पाच सेकंदांचं काम. अकरा दिवसांची मेहनत, चार जणींचे पगार, शनिवारची बारा वाजताची वेळ, सगळं त्या एका ओळीवर. पलीकडे घंटा वाजायला लागली आणि एक सुरकुतलेलं बोट येऊन फोनच्या खटक्यावर टेकलं. आवाज बंद झाला.

"काय सांगणार होतीस?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

मी रिसीव्हर खाली ठेवला.

"मागची तारीख घालायची नाही." त्या एवढंच बोलल्या. मग त्यांनी स्वतः फोन फिरवला. "सत्यशीला, मी बोलतेय. वही जशी आहे तशी घेऊन घरी या. कॉम्प्युटरच्या खरेदीचं बिलही. संजयला म्हणावं स्कूटरवरून घेऊन ये. बेलिफ आलाय म्हणून सांगा. हो, बेलिफ."

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. चांदभाईंना त्यांनी चहा दिला, टायवाल्यालाही दिला. निकिताच्या कपाळावर पट्टी बदलली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला भीती वाटत होती. कॉम्प्युटर जाईल याची होतीच, पण त्याहून जास्त त्यांची. या बाईला ठाऊक होतं की वहीत नोंद नसणार. माझा चेहरा वाचायला त्यांना कोर्टाची गरज नव्हती. तरी त्या वहीची वाट बघत बसल्या होत्या, सरळ पाठीने, जशा स्टुलावर बसतात तशा.

संजय आला तो घामाने निथळत. मागे सत्यशीलाबाई, वही छातीशी धरून. संजयने आईकडे पाहिलं आणि त्याचा बांधच फुटला. भैरू, सही, समन्स, स्वेटर, सगळं एका दमात. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "स्वेटरमध्ये," एवढंच म्हणाल्या. "सव्वीस वर्षं नोकरी केली मी. लोक समन्स गादीखाली ठेवतात, पिठाच्या डब्यात ठेवतात. स्वेटर नवीन आहे."

टायवाला पुढे सरकला. त्याने आता सूर बदलला होता. "साहेब, कशाला तमाशा? मी तडजोड करतो. आत्ता नव्वद हजाराचा एक चेक द्या, बाकीचे बघू, टेम्पो रिकामा नेतो. कंपनीचा चेक चालेल."

संजयच्या डोळ्यांत जीव आला. त्याने बॅगेतून चेकबुकच काढलं. "आहेत. खात्यात दोन लाख आहेत. उल्का, सही कर. माझ्या पगारातून मी दर महिन्याला परत भरेन कंपनीत, शपथ. आई, सांग ना हिला."

"मी कंपनीची कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "तिला विचार."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन लाख होते, खरंच होते. पण ते चार हजार फॉर्मसाठी आलेले आगाऊ पैसे होते. त्यांतले पगार एक तारखेला जायचे होते. सत्यशीलाबाई माझ्यासमोरच उभ्या होत्या, ज्या चेकबुकातून त्यांचा पगार निघायचा त्याच्याही समोर, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या, जणू त्यांचा काही संबंधच नाही.

"साहेबांचीच कंपनी ना?" टायवाला हसत म्हणाला. "मग खिसा एकच की."

त्या वाक्याने माझ्या मनातलं काहीतरी जागेवर बसलं. खोलीत आम्ही सातजण होतो, निकिताला धरून. पण मला त्या क्षणी आठवी दिसली. तिला हात नव्हते, तोंड नव्हतं, स्वतःची बाजू मांडायला आवाज नव्हता. ती भैरूला ओळखत नव्हती. तिने कुठेही सही केली नव्हती. तिच्या जन्माचा दाखला माझ्या मुलीच्या दाखल्यासोबत एका फाइलमध्ये होता, आणि दोन वर्षं मी जिला रंगाचे नंबर आणि वहीचा ताप समजत आले होते, ती खरोखरच कुणीतरी होती. आमच्यापासून वेगळी. आम्हीच तिच्यावर हात टाकला तर तिला वाचवणारं कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"उल्का, कॉम्प्युटर जाईल गं!"

"जाऊ दे. अहो, चेक दिला तर कॉम्प्युटर राहील, पण हे म्हणतात ते खरं होईल. खिसा एकच. मग उद्या हे ऑफिसात येतील, पाचही नेतील, आणि आपण काय तोंडाने सांगणार की ती वेगळी आहे?" मी टायवाल्याकडे वळले. "कंपनीचं तुमच्याकडे काही देणं नाही. कंपनी चेक देणार नाही. यांचं देणं आहे, ते यांच्याकडून घ्या."

मग मी चांदभाईंकडे वळले, कारण ते उरलं होतं. "आणि मी मघाशी खोटं बोलले. सोमवारी मी घाईत हा कॉम्प्युटर आणला. नोंद केली नाही. वहीत काही नसेल."

सत्यशीलाबाईंनी वही उघडली, पानं उलटली आणि चांदभाईंच्या पुढे ठेवली. "आहे," त्या म्हणाल्या.

चांदभाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "बारा जुलै दोन हजार चार. कॉम्प्युटर, कीबोर्डसह. नंबर चार. कोण नेतं, सौ. उल्का मॅडम. कुठे, राहत्या घरी. कारण, बाळ आजारी. सही…" ते थांबले. "सहीच्या जागी लिहिलंय, मॅडमनी सही केली नाही, घाईत होत्या. मी समक्ष पाहिले. सत्यशीला."

त्याच्याखाली त्याच तारखेची दुसरी नोंद होती, माझ्या टेबलावरची कात्री धार लावायला दिल्याची. मंगळवारच्या तीन नोंदी होत्या. बुधवारची एक. मध्ये कुठेही जागा सोडलेली नव्हती.

मी सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. जिचा पगार माझ्या सहीने निघतो तिने माझ्याविरुद्ध लिहून ठेवलं होतं, आणि माझ्यासाठी त्याहून मोलाचं आजवर कुणी काही लिहिलं नव्हतं. सहीच्या जागी माझी सही असती तर ती नोंद एवढी खरी वाटली नसती.

"तुम्ही मला सांगितलंही नाहीत," मी म्हणाले.

"सांगायचं काय? लिहायचं असतं," त्या म्हणाल्या.

चांदभाईंनी बिल पाहिलं. तपकीर गल्लीतल्या दुकानाचं, कंपनीच्या नावावर, चेक नंबरासकट. मग ते टायवाल्याला म्हणाले, "हे बघा साहेब. तुम्ही म्हणत असाल तर मी हा कॉम्प्युटर उचलतो. पण अहवालात वही लिहीन, बिल लिहीन, बाई काय बोलल्या तेही लिहीन. उद्या कंपनी कोर्टात अर्ज करेल. खर्च कुणावर बसेल ते तुमच्या वकिलांना विचारा. यांचे शेअर आहेत कंपनीत, ते यांचे स्वतःचे. त्यांच्यामागे लागायचं तर वेगळा अर्ज करा."

"शेअरला गिऱ्हाईक मिळेल का?" टायवाल्याने निर्विकारपणे विचारलं.

"सहा खुर्च्यांतल्या तीन," सासूबाई म्हणाल्या. "पंख्याचं अर्धं पातं. बघा, कोणी घेतं का."

चांदभाई खोकल्याचं निमित्त करून हसले. टायवाल्याने बराच वेळ वहीकडे पाहिलं. मग हात झटकला. "राहू द्या तो. टीव्ही आणि स्कूटर घ्या."

हमाल वर आले. टीव्ही गेला. संजयने स्कूटरची किल्ली काढून दिली. डिकीत छत्री आणि ऑफिसचं पंचिंग मशीन होतं. संजयने पंचिंग मशीन उचललं, त्यावर अकरा नंबर होता, आणि न बोलता सत्यशीलाबाईंच्या हातात दिलं. सत्यशीलाबाईंनी ते पिशवीत टाकलं आणि तिथेच वही उघडून लिहायला लागल्या. स्कूटर टेम्पोत चढवताना सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. मुलाने पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली स्कूटर. टेम्पो पुलाकडे वळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"ती आता तुमच्या त्या खोलीत जाईल का?" मी विचारलं.

"वाहन आहे. अंगणात ठेवतात. शनिवारी पुसत असेल कोणीतरी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरासा हलला.

संजयला त्यांनी एवढंच सांगितलं की उद्या दहा वाजता कोर्टात जायचं, वकील करायचा, हप्ते बांधून मागायचे आणि ते स्वतःच्या पगारातून फेडायचे. तो आता रोज चालत ऑफिसात येतो. एकदाही चेकबुककडे बोट दाखवलेलं नाही.

मी बुधवारची दुपार, गुरुवार आणि शुक्रवार खिडकीशी बसून तपासणी संपवली. शुक्रवारी संध्याकाळी रिक्षाने चार नंबर परत नेला. शनिवारी पावणेबाराला फॉर्म हिंजवडीत पोचले, त्याची पोचपावती आली. पण मला लक्षात राहिलं ते शुक्रवारचंच.

सत्यशीलाबाईंनी वही पुढे केली. आधी मी सोमवारच्या ओळीसमोर गेले. हात थबकला. मग त्यांच्या अक्षरांच्या खाली मी बारीक अक्षरात सही केली आणि त्या सहीशेजारी शुक्रवारचीच तारीख घातली. दारातल्या स्टुलावर निकिताला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईने ते पाहिलं की नाही, माहीत नाही. त्या पेल्यातून चहा पीत होत्या.

मग आवकच्या पानावर लिहायला घेतलं. कॉम्प्युटर, कीबोर्डसह. नंबर चार. राहत्या घरून परत. लिहून झालं म्हणून मी पेन ठेवलं.

"कारण राहिलं," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा पेन उचललं आणि त्या कोऱ्या चौकोनात लिहिलं, बाळाचा ताप उतरला.